सहा की दहा: ब्रह्मगिरीच्या फेरीत हरवलेला एक निरोप

हे प्रकरण नाशिकमधल्या एका हौशी रेडिओ क्लबचं, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून बिनतारी यंत्रांवर बोलणाऱ्यांचं आहे. क्लबचं नाव, वर्ष आणि माणसांची ओळख मुद्दाम वगळली आहे, काही तपशीलही त्यासाठी बदलले आहेत. ब्रह्मगिरीच्या फेरीच्या रात्री त्र्यंबकेश्वरच्या मुख्य स्टेशनवर बसून सगळ्या निरोपांची वाहतूक सांभाळणारा, म्हणजे नेट कंट्रोल, मी होतो. त्यामुळे खाली ज्या निर्णयांची चर्चा आहे, त्यातले बरेचसे माझेच आहेत.

पार्श्वभूमी

आमचा क्लब लहान आहे. तेव्हा परवानाधारक सभासद २३ होते आणि त्यातले नियमित येणारे चौदा-पंधरा. छंद एकच, पण आत तीन वेगळी घरं होती.

पहिलं घर ज्येष्ठांचं. त्यांचा जीव लघुलहरींवर, म्हणजे एचएफवर. पहाटे उठून २० मीटर लहरलांबीच्या बँडवर युरोपातलं एखादं क्षीण स्टेशन मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या कट्ट-कडकट्ट लिपीत, टिपायचं, मग महिनोन्‌महिने क्यूएसएल कार्डाची, म्हणजे बोलणं झाल्याची पोच देणाऱ्या टपाल कार्डाची, वाट बघायची. बिस्किटांच्या जुन्या डब्यांमध्ये त्यांनी जपलेली कार्डं पाहिली, की या माणसांनी घरात बसून किती जग पाहिलंय ते कळतं. यातले एक सभासद तार खात्यातून निवृत्त झालेले. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण यांच्या बोटांतली तार काही थांबली नाही. आम्ही सगळे त्यांना तारमास्तर म्हणतो.

दुसरं घर हातांनी काम करणाऱ्यांचं. बहुतेक जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीला. बोलण्यापेक्षा बनवण्यात यांना गोडी. स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे कापून केलेला यागी हा दिशादर्शक अँटेना, जुन्या टीव्हीच्या ३०० ओहमच्या चपट्या वायरीतून केलेला गुंडाळून खिशात मावणारा अँटेना, असलं सगळं यांच्याकडून येतं.

तिसरं घर कॉलेजातल्या मुलामुलींचं. परवाना बहुतेकांचा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, ज्याला मोर्सची परीक्षा लागत नाही. गंगापूर रोडवरच्या एका सभासदाच्या गच्चीवर उभं राहून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्‌झवरचा आवाज पकडायचा, उपग्रहांचे संकेत संगणकावर उलगडायचे, हा त्यांचा आनंद. इस्रोने २००५ साली सोडलेल्या हॅमसॅट या हौशी रेडिओच्या उपग्रहावरून बोललेले दोन ज्येष्ठ याच क्लबात होते, आणि मुलांना ते ठाऊकसुद्धा नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी ४० मीटरवर नेट, म्हणजे रेडिओवरची ठरलेली बैठक, भरायची. पूर्वी पंधरा जण हजेरी लावत, आता पाच-सहा. वर्षातून एकदा चामरलेणीच्या बाजूला फॉक्स हंट होई. लपवलेला छोटा ट्रान्समीटर दिशादर्शक अँटेना फिरवत शोधायचा हा खेळ. त्या दिवशी तेवढे तिन्ही घरांतले लोक एकत्र चहा पीत.

अडचण

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, हे नाशिककरांना सांगायला नको. रविवारी संध्याकाळपासून मेळा स्थानकावरून एसटीच्या जादा गाड्या सुटतात, कुशावर्तावर स्नान करून लोक निघतात आणि रात्रभर पावसाचिखलातून, कित्येक जण अनवाणी, सुमारे २० किलोमीटर चालतात. पहिने, भिलमाळ, सापगाव अशी डोंगराला वळसा घालून वाट परत त्र्यंबकला येते.

या वाटेवर एक सेवाभावी गट प्रथमोपचाराची १२ ठाणी मांडतो. आदल्या वर्षी डोंगराच्या मागच्या अंगाला त्यांचे मोबाइल रात्रभर लागले नव्हते. आधीच तिथे नेटवर्क विरळ, त्यात एवढी गर्दी. पाय मुरगळलेल्या एका बाईंसाठी स्ट्रेचर मागवायला स्वयंसेवकाला सापगावपर्यंत चालत जावं लागलं होतं. त्यांच्या प्रमुख ताईंनी आमच्या एका सभासदाला विचारलं, ‘तुमचे ते रेडिओ आमच्या कामाला येतील का हो?’

बैठकीत विषय निघाला तेव्हा तारमास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘जमणार नसेल तर आजच नाही म्हणा. त्या रात्री म्हणू नका.’ २००३ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले, त्या दिवसांची आठवण असलेली दोन-तीन माणसं त्या खोलीत होती. गर्दीत निरोप वेळेवर न पोचणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं समजावावं लागणार नव्हतं.

तांत्रिक अडचण ब्रह्मगिरी स्वतःच. आमच्या हातातल्या हँडी १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे २ मीटर बँडवर चालतात, शक्ती ५ वॉट. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मध्ये सुमारे १३०० मीटर उंचीचा कातळ उभा असेल, तर त्र्यंबकमधून बोललेलं भिलमाळला पोचत नाही. शहराजवळच्या टेकडीवरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं लगेच पुन्हा जोरात पुढे पाठवणारं यंत्र, त्र्यंबकला छान मिळायचा, पहिन्यात तुटक, आणि मागे अजिबात नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मुलांनी मांडला आणि तांत्रिकदृष्ट्या तोच सगळ्यांत देखणा होता. माथ्यावर बॅटरीसकट एक रिपीटर ठेवायचा, दोघांनी रात्रभर तिथे बसायचं. वर एक स्टेशन बसलं की चारही बाजू झाकल्या जातात. पण श्रावणातला ब्रह्मगिरी रात्री कसा असतो? धुकं, निसरड्या पायऱ्या, सोसाट्याचा वारा, आणि वीज पडण्याचा धोका. उंचावर धातूचा अँटेना धरून बसणं म्हणजे विजेला आमंत्रण. चाळीस मिनिटं वाद झाला. दोन मुलं ‘आम्ही जातो’ म्हणून हट्टाला पेटली होती. शेवटी मी नाही म्हणालो, आणि त्याबद्दल मला आजही शंका नाही. लोकांच्या मदतीला गेलेल्या आपल्याच माणसांना शोधायला दुसरी माणसं पाठवावी लागणं, यापेक्षा वाईट सेवा नाही.

दुसरा पर्याय ज्येष्ठांचा, ४० मीटर बँडचा. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी साधारण २० मीटर लांबीची तार लागते. ती उंच न टांगता मुद्दाम जमिनीपासून दोन-तीन मीटरवर ताणली, की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावर, म्हणजे वातावरणातल्या खूप उंचावरच्या विद्युतभारित थरांवर, आपटून आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरच्या मुलखात छत्रीसारख्या खाली येतात. मध्ये डोंगर असला तरी फरक पडत नाही, कारण लहर डोंगरावरूनच जाते.

तिसरा पर्याय माणसांच्या साखळीचा. पहिने बारीत, म्हणजे खिंडीत, एक स्टेशन बसवायचं. त्याला त्र्यंबककडची बाजूही ऐकू येते आणि पहिने-भिलमाळकडचीही. एकाने सांगायचं, बारीने ऐकून पुढे सांगायचं. यंत्र काही लागत नाही, कान लागतो.

आम्ही तिसरा आणि दुसरा पर्याय जोडले. त्र्यंबक, बारी, पहिने आणि भिलमाळ ही चार स्टेशनं २ मीटरवर, आणि बारीला ऐकू न येणारं सापगाव ४० मीटरवरून थेट त्र्यंबकशी. त्या रात्री ११ परवानाधारक मिळत होते. प्रत्येक ठिकाणी दोघे, एक राखीव. स्टेशन नसलेल्या ठाण्यांवरचे निरोप स्वयंसेवकाने चालत जवळच्या स्टेशनवर आणायचे. स्थानिक पोलिसांना पत्राने कळवलं. हौशी परवान्यावर मोबदला घेऊन काम करता येत नाही, म्हणून गटाने देऊ केलेला प्रवासखर्चही आम्ही घेतला नाही. शिवाय आमचं बोलणं कोणीही ऐकू शकतं आणि सांकेतिक भाषा वापरायची परवानगी नसते, म्हणून रुग्णाचं नाव हवेत घ्यायचं नाही असं ठरलं. हरवलेल्या माणसाचं मात्र गाव, वय आणि कपडे सांगायचे.

तयारीतल्या दोन चुका

पहिली चूक माझी. ४० मीटरची चाचणी आम्ही दोन आठवडे आधी, शनिवारी दुपारी बारा वाजता घेतली. सापगावचा आवाज त्र्यंबकमध्ये इतका खणखणीत आला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेळ दुपारची ठेवली कारण सगळ्यांना ती सोयीची होती. फेरी मात्र रात्रीची होती.

सूर्य मावळला की आयनांबराचा वरचा थर हळूहळू विरळ होतो. सरळ वर गेलेली ७ मेगाहर्ट्‌झची लहर मग परत फिरत नाही, आरपार अवकाशात निघून जाते. तिरप्या जाणाऱ्या लहरी तेवढ्या परततात, त्याही शेकडो किलोमीटर लांब. म्हणजे रात्री याच बँडवर परदेश ऐकू येतो आणि शेजारचं गाव ऐकू येत नाही. त्यासाठी ८० मीटर बँड, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्‌झच्या आसपास आणि दुप्पट लांब तार लागते. हे परीक्षेच्या अभ्यासात आम्ही प्रत्येकाने वाचलेलं. पण दुपारच्या त्या टाळ्यांमध्ये कोणालाच ते आठवलं नाही.

दुसरी चूक त्या क्षणी चूक वाटलीच नाही. तारमास्तरांनी एक छापील कागद आणला होता. वर निरोपाचा क्रमांक, वेळ, कुठून, कुठे, मग मजकूर आणि कोपऱ्यात शब्दसंख्या. तारेत शब्द मोजूनच पाठवत, घेणाराही मोजून बघे, एक जरी कमी-जास्त झाला तर परत विचारत असे. ‘प्रत्येक निरोप आधी लिहायचा, मग बोलायचा. घेणाऱ्याने लिहून परत वाचून दाखवायचा,’ असं त्यांचं म्हणणं. मुलांना ते फार संथ वाटलं. पावसात कागद कुठे सांभाळणार, असंही कोणी म्हणालं. मी मधला मार्ग काढला: ज्याला जमेल त्याने लिहावं. असा मधला मार्ग सोयीचा असतो, कारण त्यात कोणाचंच मन दुखावत नाही. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘लिहू नका’ असाच होतो.

त्या रात्री

संध्याकाळी सातला सगळी स्टेशनं लागली. बारीतल्या दोघांनी मेणकापडाचा आडोसा केला होता, वाऱ्याने तो दोनदा उडाला. साडेबारापर्यंत काम सुरळीत चाललं. हरवलेली मुलं, चुकामूक झालेल्या म्हाताऱ्या, पायाला पट्ट्या हव्यात, पाण्याचा टँकर कुठे आहे. एक सात वर्षांचा मुलगा पहिन्यात सापडला आणि त्याची आई त्र्यंबकमध्ये आमच्या टेबलासमोर उभी होती. त्याला काय घातलंय ते रेडिओवरून कानावर पडताच ती मटकन खाली बसली. तो क्षण पाहिलेल्या कोणालाही, हा छंद कशाला, असं विचारावंसं वाटणार नाही.

साडेबाराच्या सुमारास सापगाव बुडालं. आधी आवाज खोल गेला, मग नुसती खरखर. त्याच जागी आग्नेय आशियातली स्टेशनं अगदी शेजारच्या खोलीतून बोलावं तशी येऊ लागली. मला काय झालं ते लगेच कळलं, आणि पोटात गोळा आला. बाराही ठाण्यांना मिळून एकच गाडी आणि एकच स्ट्रेचर होतं, आणि ते सापगावला उभं होतं.

सापगावात तारमास्तर आणि अभियांत्रिकीला असलेली एक सभासद मुलगी होती. आमचा नियम होता की स्टेशनवरच्या दोघांनी एकमेकांना सोडायचं नाही. तिने तारमास्तरांना विचारलं, ‘काका, भिलमाळच्या बाजूला चढ आहे ना, तिथून त्यांची हँडी ऐकू येईल का?’ त्यांनी क्षणभर विचार करून होकार दिला. प्रथमोपचार गटातल्या एका स्थानिक तरुणाला बरोबर घेऊन ती निघाली. चपट्या वायरीचा तो खिशातला अँटेना तिने एका बांबूला बांधला, तरुणाने बांबू उभा धरला. एक वाजून चाळीस मिनिटांनी भिलमाळला तिचा आवाज मिळाला. साखळी पुन्हा जोडली गेली, फक्त दोन कड्या वाढून: सापगाव, चढ, भिलमाळ, बारी, त्र्यंबक.

तीन वाजून दहा मिनिटांनी सहा नंबरच्या ठाण्यावरचा एक मुलगा धावत भिलमाळ स्टेशनवर आला. सोमवारचा उपवास लागला म्हणून रात्री काही न खाता चालणारे एक वयस्क गृहस्थ, मधुमेह असलेले, चक्कर येऊन पडले होते. स्ट्रेचर हवं होतं. निरोप सांगून तो मुलगा उलट्या पावली ठाण्यावर परतला.

‘बारी, भिलमाळ. ठाणं सहाला स्ट्रेचर हवं, ओव्हर.’

बारीने तो पुढे दिला. मी ऐकलं ‘दहा’. मी परत म्हणालो, ‘ठाणं दहाला स्ट्रेचर, बरोबर का?’ बारी म्हणाली, ‘बरोबर.’

सहा आणि दहा यांत फरक आहे तो एका व्यंजनाचा. पावसाच्या माऱ्यात, पल्ल्याच्या कडेला पोचून क्षीण झालेल्या एफएमच्या आवाजात ‘स’ची फुसफुस सगळ्यांत आधी बुडते, उरतो तो ‘हा’. मराठी आकड्यांचं हे दुखणं आहेच. एकोणसाठ-एकोणसत्तर, त्रेचाळीस-त्रेपन्न, रेडिओवर हे सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात. हा ‘सहा’ नेमका कुठे ‘दहा’ झाला, ते आजही सांगता येत नाही. बारीतली वही तोवर भिजून लगदा झाली होती आणि माझ्या कागदावर फक्त ‘१०, स्ट्रेचर’ एवढंच आहे.

चूक पकडायची एक संधी होती. स्ट्रेचर दहाला पाठवा, ही सूचना त्याच साखळीने, भिलमाळवरूनच परत जाणार होती. पण भिलमाळला ‘सहा’ पाठवणारा सभासद तेव्हा बॅटरी बदलत होता. ‘दहा’ पुढे सांगितलं त्याच्या जोडीदाराने. त्याला वाटलं, हा दुसरा रुग्ण असेल.

गाडी दहाला गेली. तिथल्या स्वयंसेवकांनी सांगितलं, आम्ही काही मागवलं नाही. तीन पंचेचाळीसला घोळ उघडा पडला आणि स्ट्रेचर सहाला पोचायला चार वीस वाजले.

परिणाम

त्या गृहस्थांचं बरं झालं, आणि ते रेडिओमुळे नव्हे. सहा नंबरच्या स्वयंसेवकांनी लगेच रक्तातली साखर तपासली आणि ते गिळू शकत होते म्हणून साखरेचं पाणी पाजलं. स्ट्रेचर पोचलं तेव्हा ते उठून बसले होते. त्यांना त्र्यंबकला नेऊन डॉक्टरांना दाखवलं, सकाळी मुलाबरोबर घरी गेले. गटाच्या ताई आम्हाला काही बोलल्या नाहीत. पण हृदयविकाराचा झटका असता तर, हा प्रश्न त्यांच्या आणि आमच्या मनात एकाच वेळी होता.

रात्रभरात निरोप गेले ते ६३. त्यातले पूर्ण लिहिलेले फक्त सापगावचे. तारमास्तरांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत पॅड ठेवून, पिशवीत हात घालून लिहिलं होतं. वर दिलेल्या वेळा त्यांच्याच कागदांवरून जुळवल्या आहेत. त्यांच्याकडे ३.२४ ला नोंद आहे: ‘ठाणे दहा, स्ट्रेचर.’ अक्षर सुंदर, मजकूर चुकीचा. नीट लिहिलेलं असलं तरी आधीच बिघडून आलेलं दुरुस्त होत नाही, हे त्यांनीच आम्हाला दाखवलं.

सकाळी साडेसहाला ४० मीटर पुन्हा जिवंत झाला, दुपारच्या चाचणीसारखाच खणखणीत.

पुढच्या रविवारी मिसळ खात आम्ही बसलो. पहिली वीस मिनिटं कोणाचं चुकलं यात गेली. मग कारखान्यातला एक सभासद म्हणाला, ‘माणूस नको, जोड शोधा. मशीन बिघडतं ते जोडाला.’ तिथून चर्चा बदलली.

क्लबवर परिणाम दोन्ही दिशांनी झाला. दर बुधवारी संध्याकाळी निरोप लिहून घ्यायची सरावनेट सुरू झाली आणि तिला अकरा-बारा जण येऊ लागले. चढावर गेलेल्या मुलीने तारमास्तरांकडे मोर्स शिकायला सुरुवात केली. आवाज फाटत असताना त्यातून अक्षर वेगळं कसं काढायचं, हे त्यांच्याकडून घ्यायचं होतं तिला. उलट, तारमास्तर पहिल्यांदा गच्चीवर उपग्रह ऐकायला आले. पण दोन सभासद क्लबपासून दूरही गेले. छंद होता, त्याची ड्युटी झाली, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला वाटत नाही. रविवारच्या नेटला आम्ही आता कामाचा विषय काढत नाही, तिथे फक्त गप्पा.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी पहाटे तीनला घ्यायला हवी होती. पुढच्या वर्षी घेतली, ८० मीटरवर. ४० मीटर लांब तार सापगावात ताणायला जागा सापडेना, तेव्हा एका शेतकऱ्याने बांधावरची दोन झाडं वापरू दिली. तिथे आवाज दुपारच्या ४० मीटरइतका स्वच्छ कधीच आला नाही, विजांची कडकड फार होती, पण आला.

ठाण्यांना नुसते आकडे देणं ही मुळातली चूक. आता प्रत्येक ठाण्याला आकड्याबरोबर नाव आहे, वड, मारुती, टाकी, शाळा असं, आणि निरोपात दोन्ही सांगायचं. ‘सहा, वड’ बिघडून ‘दहा’ झालं तरी वड दहाला नसतो. नावं ठरवताना ती रेडिओवर एकमेकांसारखी वाजत नाहीत ना, हे दोन हँडी घेऊन, एकीवर आवाज दाबून तपासलं.

सगळे निरोप नेट कंट्रोलवरूनच गेले पाहिजेत हा माझा आग्रहही फेरविचाराचा होता. भिलमाळ थेट चढावरून सापगावला ‘सहा’ सांगू शकलं असतं. तीन कड्या वाचल्या असत्या आणि मी फक्त ऐकून नोंद केली असती. नियंत्रण एका हातात असलं की गोंधळ होत नाही हे खरं, पण तातडीच्या निरोपासाठी जवळचा मार्ग मोकळा हवा. हा बदल आम्ही केला आहे, तरी त्यावर क्लबात अजून एकमत नाही.

दोघांनी एकत्र राहण्याचा नियम मोडला गेला, त्याबद्दल मुलीला कोणी बोललं नाही, बोलायचं कारणही नव्हतं. ती सांगून गेली, एकटी गेली नाही. नियमात ‘साखळी तुटली तर काय’ हे आम्हीच लिहिलं नव्हतं. मला जास्त बोचतं ते हे, की तिला तो निर्णय रात्री दीड वाजता स्वतःच्या जोखमीवर घ्यावा लागला. राखीव सभासद माझ्या शेजारी त्र्यंबकमध्ये बसून होता. त्याला सापगावला ठेवायला हवं होतं, जिथे बँड बुडण्याची शक्यता होती.

आणि तो धावत आलेला मुलगा. निरोप खरा काय होता, हे त्या साखळीत पूर्णपणे त्यालाच माहीत होतं, आणि तोच सगळ्यांत आधी निघून गेला. त्र्यंबकवरून परत वाचलेला निरोप त्याने भिलमाळला उभं राहून ऐकला असता, तर दहा म्हटल्याबरोबर तो ओरडला असता. तारमास्तरांच्या छापील कागदावर आता तळाशी एक चौकोन वाढवला आहे: ‘निरोप्या थांबला आहे का?’ त्यात खूण झाल्याशिवाय कोणी पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबत नाही.